बाळाच्या मांडीत लस टोचताना

बाळ ६, १० आणि १४ आठवड्यांचे झाले की त्याला पेंटाव्हॅलंट लस देतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ‘ब’ प्रकारची कावीळ आणि हिब जंतूमुळे होणारे न्यूमोनिया, मेंदूज्वर यांपासून ती बाळाचे रक्षण करते. ही लस स्नायूत टोचतात. टोचणारी सिस्टर असली, तरी बाळाला धरणारे आपण असता. म्हणून पायऱ्या समजून घ्याव्यात.

आधी कुपी तपासली जाते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. कुपीवरच्या वर्तुळातला चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल, तरच ती वापरतात. ही लस एकदा गोठली की निकामी होते.

मग नवी एडी सिरिंज उघडतात. एकदा वापरल्यावर तिचा दट्ट्या अडकतो, त्यामुळे ती पुन्हा वापरता येत नाही. पाकीट आपल्यासमोर फोडले जाते ना, हे जरूर पाहावे.

आता बाळाला मांडीवर घ्या. एका हाताने त्याला कुशीत धरा, दुसऱ्या हाताने पाय स्थिर ठेवा. चूक बहुधा इथेच होते: दया येऊन पकड सैल पडते, बाळ पाय झाडते आणि सुई हलते. अंगावर पाजत असताना टोचले, तर बाळाला दुखणे कमी जाणवते.

जागा ठरलेली असते: डाव्या मांडीचा मधला भाग, बाहेरच्या बाजूने. कुल्ल्यावर टोचत नाहीत, कारण तिथे चरबी जास्त असते आणि पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेला इजा होऊ शकते.

त्वचा हलकेच ताणून सुई काटकोनात, सरळ आत घालतात. तिरकी गेली, तर लस चरबीतच राहते आणि गाठ किंवा सूज येऊ शकते. अर्धा मिलिलिटर लस दिली की सुई झटकन काढतात.

त्या जागी चोळू नये. तेल, हळद, लेप काही लावू नये. रक्ताचा थेंब आलाच, तर स्वच्छ कापूस नुसता दाबून धरावा.

त्यानंतर अर्धा तास केंद्रातच थांबावे. तीव्र ॲलर्जी फार क्वचित होते, पण झालीच तर उपचार लगेच मिळतात. घरी थोडा ताप, सूज, किरकिर होऊ शकते. तापाचे औषध सिस्टरने सांगितलेल्या मात्रेतच द्यावे. खूप ताप, झटका किंवा सुस्ती दिसल्यास तातडीने दवाखाना गाठावा.

साधा ताप आला म्हणून पुढचा डोस मात्र चुकवू नका. तिन्ही डोस वेळेवर झाले, तरच बाळाला पुरेसे संरक्षण मिळते.