सूचीची निवड : डेटाबेसमधील शोध वेगवान कसा होतो?

तुकाराम महाराजांच्या अभंगगाथेची छापील प्रत आपण हाताळली असेल. गाथेच्या अनेक आवृत्त्यांच्या अखेरीस अभंगांच्या पहिल्या चरणांची वर्णानुक्रमे सूची दिलेली असते. पहिला चरण ठाऊक असेल, तर सुमारे साडेचार हजार अभंगांतून हवा तो अभंग चटकन सापडतो. मात्र मधलाच चरण आठवत असेल, तर ती सूची उपयोगी पडत नाही. सारी गाथा चाळावी लागते. सूची ही ठरावीक प्रकारच्या प्रश्नासाठीच रचलेली असते, हे प्रस्तुत विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

१. सूचीचे स्वरूप

समजा, आपण मराठी ग्रंथांच्या दहा लाख नोंदींची सारणी संगणकावर तयार केली. तिच्यात शीर्षक, लेखक, प्रकाशनवर्ष आणि भाषा असे रकाने आहेत. एका लेखकाचे ग्रंथ मागितले आणि लेखकाच्या रकान्यावर सूची नसेल, तर संगणक दहाही लाख नोंदी वाचतो. सूची, म्हणजेच इंडेक्स, केल्यास लेखकांची नावे क्रमाने लावून, मूळ नोंदींच्या स्थानांसह स्वतंत्रपणे साठवली जातात.

या साठवणीसाठी बहुधा ‘बी-ट्री’ ही रचना वापरतात. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी तिच्यावरील लेख १९७२ साली प्रसिद्ध केला. सूचीच्या एका पानावर २०० नावे मावतात असे मानले, तर तीन पातळ्यांत २०० × २०० × २००, म्हणजे ८० लाख नावे सामावतात. साहजिकच दहा लाख नोंदींच्या सूचीत हवे ते नाव तीन पाने उघडताच मिळते.

२. निवडीचे निकष

(अ) वारंवार विचारले जाणारे प्रश्न आधी लिहून काढावेत. ज्या रकान्यावर अट घातली जाते, तोच सूचीस पात्र ठरतो.

(आ) रकान्यातील मूल्यांत पुरेसे वैविध्य असावे. बहुतेक नोंदींची भाषा ‘मराठी’च असेल, तर मराठी ग्रंथ शोधताना भाषेच्या सूचीने काही साधत नाही. मोजके कोकणी ग्रंथ शोधावयाचे असतील, तर मात्र तीच सूची उपकारक ठरते.

(इ) एकाहून अधिक रकान्यांच्या संयुक्त सूचीत क्रम महत्त्वाचा असतो. ‘लेखक, प्रकाशनवर्ष’ ही सूची ‘या लेखकाचे १९६० नंतरचे ग्रंथ’ तत्परतेने देते. परंतु ‘१९६० नंतरचे सर्व ग्रंथ’ या प्रश्नाला तिचा फारसा उपयोग नाही, कारण वर्षे लेखकागणिक विखुरलेली असतात.

(ई) मजकुराचा वर्णक्रम पाहावा. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या संकेतक्रमात तो ‘ल’च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे संकेतक्रमाने केलेल्या सूचीत ‘काळ’ हा शब्द ‘काव्य’च्या आधी येतो. मराठी शब्दकोशाच्या क्रमाने यादी हवी असेल, तर सूचीही त्याच क्रमाने करावी लागते.

३. सूचीची किंमत

मग प्रत्येक रकान्यावर सूची का करू नये? कारण नवी नोंद घालताना किंवा जुनी खोडताना मूळ सारणीबरोबर सूचीही बदलाव्या लागतात. सूची वाढल्या की नोंदणी मंदावते आणि जागाही अधिक लागते. म्हणून सूची केल्यावर ती खरोखर वापरली जाते का, हे तपासावे; त्यासाठी अनेक डेटाबेसप्रणालींत ‘एक्सप्लेन’ ही आज्ञा असते. वापरात नसलेली सूची काढून टाकणे इष्ट.

उद्या आपण बोलीतील शब्दांचा किंवा लोकगीतांचा संग्रह संगणकावर उभा कराल. वर्षानुवर्षे कष्टाने जमवलेली ही सामग्री अभ्यासकाला वेळेवर सापडली नाही, तर ती असून नसल्यासारखीच. कोणता अभ्यासक काय विचारील, याचा विचार म्हणूनच प्रथम करावा.

आपली प्रगती तपासा

ओव्यांच्या संग्रहात पहिली ओळ, गाव आणि संकलनवर्ष हे रकाने आहेत. ‘एका गावातील १९८० नंतर संकलित झालेल्या ओव्या’ शोधण्यासाठी संयुक्त सूचीत रकान्यांचा क्रम कोणता ठेवाल? सकारण लिहा.