चौऱ्याऐंशी गावांचा गड

भिलाईच्या आसपासच्या खेड्यांत मोठ्या शेतकऱ्याला आजही आदराने ‘दाऊ’ म्हणतात. एकेकाळी हा हुद्दा होता. हैहयवंशी कलचुरी राजांच्या राज्यात बारा गावांचा एक ‘बरहों’ आणि त्यावर दाऊ. असे सात बरहों मिळून चौऱ्याऐंशी गावांचा गड आणि त्यावर दीवान. शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपूरचे अठरा गड, दक्षिणेला रायपूरचे अठरा. दुर्ग, पाटण, सिमगा, राजिम ही त्या दुसऱ्या यादीतली नावं. या छत्तीस गडांवरूनच छत्तीसगढ, असं परंपरा सांगते. चौऱ्याऐंशीचा आकडा मात्र कागदावरचा. गावं कमी-जास्त असायचीच. दूर वेल्समध्येही ‘कान्त्रेव’ नावाचा असाच विभाग होता. नावाचा अर्थ शंभर गावं, आणि तिथेही शंभर कधी मोजून भरत नव्हती.

मला या इतिहासात आपला, मराठी माणसांचा वाटा महत्त्वाचा वाटतो. 1741 मध्ये नागपूरच्या भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले. 1758 पासून बिंबाजी भोसल्यांनी तिथे राहूनच कारभार केला. मोडी लिपी दप्तरात आली, दसऱ्याला सोनं वाटायची रीत रुजली. त्यांच्यानंतर सुभेदारी आली आणि सुभेदार विठ्ठल दिनकर यांनी गड मोडून 27 परगणे केले, प्रत्येकावर कमाविसदार नेमला. वसुलीच्या दृष्टीने ते सोयीचं होतं. पण वंशपरंपरेने गावांशी बांधलेल्या दाऊ-दीवानांच्या जागी पगारी अधिकारी बसला, आणि ही किंमत लहान नव्हती. पुढे इंग्रजांनी परगणेही घटवले. दुर्ग स्वतंत्र जिल्हा झाला तो 1906 साली.

मराठ्यांच्या आधीचं काही हाताला लागतं ते देवबलोद्याला, भिलाई-3 जवळ. कलचुरी काळातलं शिवमंदिर. भिंतींवर हत्तींच्या, शिकारीच्या, नर्तकींच्या रांगा, शेजारी पायऱ्यांचं कुंड, आणि माथ्यावर शिखर नाही. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते. आसपासच्या खेड्यांतून लोक येतात; प्रत्येक गावाचा ठाकुरदेव वेगळा, शीतलामाता वेगळी, पण या दिवशी वाट एकच.

1959 मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि शेतांवर सेक्टर उभे राहिले. सेक्टरांना आकडे मिळाले. रुआबांधा, मरोदा, रिसाली ही गावांची नावं मात्र वसाहतींना तशीच चिकटून राहिली.