व्हॉल्व्हची संगत : लेखांक सातवा — मुक्या बाजूची चौकशी

प्रीअ‍ॅम्प्लिफायर जोडून पुरा व्हावा, मोठ्या उमेदीने तो सुरू करावा, आणि उजव्या कर्ण्यातून गाणे खणखणीत ऐकू येत असता डाव्यातून मात्र अवाक्षर उमटू नये, हा प्रसंग इतक्या हौशी जुळारींवर गुदरतो की त्याच्या निवारणार्थ एक अख्खा लेखांक खर्ची घालणे मला गैरवाजवी वाटत नाही. अशा वेळी हताश होण्याचे कारण नाही. ज्याची एक बाजू ठणठणीत आहे त्या यंत्राइतके दुरुस्तीला सोयीचे यंत्र दुसरे नसते. मुक्या बाजूच्या प्रत्येक बिंदूवर काय असावयास हवे होते, ते बोलती बाजू जागच्या जागी दाखवीत असते.

प्रथम दोष याच पेटीत आहे, याची खातरजमा करावी. मुख्य अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल केली असता मौनही दुसऱ्या कर्ण्यात गेले, तर पुढे चालावे. येणाऱ्या तारांचीही तीच परीक्षा, मात्र तेथे मौन जागचे हलता कामा नये. नंतर वीज बंद करून, निवल्यावर, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह परस्परांच्या जागी बसवावेत. व्हॉल्व्हबरोबर मौनही हलले, तर चौकशी तिथेच संपली. पण घरच्या नव्या जुळणीत, माझ्या मते, व्हॉल्व्हवर नाहक आळ येण्याचेच प्रकार अधिक.

यानंतर पेटी उलटी करावयाची आहे, म्हणून एक सक्त ताकीद. आत २५० व्होल्टांचा किंवा त्याहून अधिक दाब असतो, आणि वीज तोडल्यावरही मोठे कपॅसिटर तो धरून ठेवतात. दाब उतरल्याचे मीटरवर प्रत्यक्ष पाहिल्यावाचून कोठेही बोट लावू नये, आणि चालू यंत्रात मोजताना डावा हात खिशातच असावा.

आपल्या आराखड्यात प्रत्येक बाजूस एक ईसीसी ८३ आहे, ज्याला अमेरिकन लोक १२एएक्स७ म्हणतात. २५० व्होल्टांचा पुरवठा, प्लेटला १०० किलोओहम आणि कॅथोडला दीड किलोओहम, अशा मांडणीत निरोगी अर्ध्या व्हॉल्व्हमधून सुमारे ०.८६ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. त्यामुळे प्लेटवर १६५ च्या आसपास आणि कॅथोडवर सव्वा-दीड व्होल्ट दिसतात. मुक्या बाजूस प्लेटवर पुरवठ्याइतकेच, म्हणजे पुरे २५० दिसले, तर प्रवाह वाहतच नाही असे समजावे, आणि मग कॅथोडची जबानी घ्यावी. तेथे शून्य असेल तर बहुधा हीटर थंड आहे. उलट तेथे कित्येक व्होल्ट चढलेले असतील तर कॅथोडचा रेझिस्टर तुटलेला आहे अथवा त्याच्या पायाशी ड्राय सोल्डर आहे. प्लेटवरच शून्य आढळले, तर प्लेटच्या रेझिस्टरकडे पाहावे.

थंड हीटरचे एक गमतीदार कारण असे. या व्हॉल्व्हचा तंतू दोन भागांचा असून त्यांचा मध्य नवव्या पिनेवर आणलेला आहे, ६.३ व्होल्टांवर चालवताना चौथी व पाचवी पिन एकत्र करून विजेचे दुसरे टोक नवव्या पिनेला द्यावे लागते. यांपैकी चौथ्या-पाचव्यांमधली जोडतार निसटली, तर काचेत एका अंगाला तांबूस उजेड दिसतो, दुसरे अंग काळोखे राहते, आणि घाईने पाहणारा व्हॉल्व्ह पेटला आहे असे मानून पुढे निघून जातो.

आता खरा कठीण प्रकार : सर्व व्होल्ट दोन्हीकडे तंतोतंत जुळतात, तरीही बाजू मुकी. येथे पुष्कळांची मती कुंठित होते. परंतु ग्रिड मुळातच शून्य व्होल्टांवर असते. ती अपघाताने जमिनीला चिकटली तरी प्लेटच्या वा कॅथोडच्या दाबात तिळमात्र फरक पडत नाही, आणि गाण्याचा संकेत मात्र व्हॉल्व्हमध्ये शिरण्यापूर्वीच जमिनीत जिरतो. म्हणून वीज बंद करून, आवाजाचे बटण मध्यावर ठेवून, दोन्ही बाजूंच्या दुसऱ्या पिनेपासून, म्हणजे ग्रिडपासून, जमिनीपर्यंतचा रोध मोजावा. बोलत्या बाजूस लाखांच्या घरात ओहम आणि मुक्या बाजूस शून्य दिसले, की ग्रिडकडे येणाऱ्या जाळीदार तारेचे टोक भिंगाखाली पाहावे. जाळी सोलून मागे पिळताना तिचा केसासारखा एखादा तंतू सुटून मधल्या तारेला टेकलेला, आणि वर सोल्डरच्या थेंबाने कायमचा जखडलेला, पुष्कळदा तेथे सापडतो. तो कापून टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवावा. जाळी कोणत्या एका टोकाला जमिनीशी जोडावी, हा प्रश्न मात्र गुणगुणीच्या बंदोबस्ताशी निगडित असल्याने पुढील आठवड्यावर सोडतो.