ओष्ठ्य वर्ण आणि विद्यार्थ्यांची गीतचित्रफीत

मेहबूब खान यांनी १९५४ साली वांद्रे येथे स्थापन केलेल्या स्टुडिओत नट पूर्वमुद्रित गाण्यावर केवळ ओठ हलवी. आज महाविद्यालयीन विद्यार्थी मोबाइलवर गीतचित्रफीत तयार करतात, तेव्हाही तत्त्व तेच असते. सेकंदास २५ चौकटी धरल्यास प्रत्येक चौकट ४० मिलिसेकंदांची होते. संगणकावर ध्वनी व चित्र जुळविताना राहिलेली काही चौकटींची तफावत 'क', 'ग' या कंठ्य वर्णांत सहसा लपते. कारण त्यांचा उच्चार मुखाच्या आत होतो. 'प', 'ब', 'म' यांच्या उच्चारात मात्र ओठ मिटतात, म्हणून तेथे ती उघडी पडते. यास्तव गायनाच्या ध्वनिरेषेत 'प'पूर्वीची क्षणिक शांतता शोधावी व ओठ मिटलेली चौकट तिच्याशी जुळवावी. प्राचीनांचा वर्णस्थानविचार संकलकासही असा उपयोगी पडतो.