जोडबोलीचा लिलाव : विजेता कोण?

लिलावात ज्याची बोली सर्वांत मोठी त्याला माल, हा व्यवहार सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु विकावयाच्या वस्तू अनेक असल्या आणि एकीवाचून दुसरीचे मोल घटत असले, म्हणजे हा सोपा नियम अपुरा पडतो.

आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूर भागाचे उदाहरण घ्यावे. समजा, तेथील रानात तेंदूपानांची अ, ब आणि क अशी लगतची तीन युनिटे विक्रीस निघाली. शेजारची दोन युनिटे एकत्र मिळाल्यास कंत्राटदारास वाहतूक व देखरेख स्वस्त पडते. म्हणून जोडीने बोली करण्यासही मुभा दिली. अ-ब जोडीस १० लाख, ब-क जोडीस ९ लाख, एकट्या अ ला ६ लाख आणि एकट्या क ला ३ लाख अशा बोल्या आल्या. सर्वांत मोठी बोली आधी स्वीकारली, तर क चे ३ लाख धरून १३ लाख होतात. ती बाजूस सारून अ आणि ब-क या बोल्या स्वीकारल्या, तर १५ लाख पदरी पडतात. मोठी बोली करणारा येथे न्यायानेच हरतो.

तीन युनिटांचा हिशेब बोटांवर होतो. पण एकेक वस्तू वाढली, की संभाव्य गटांची संख्या दुपटीहून अधिक होते. २०१० साली भारतात तिसऱ्या पिढीच्या मोबाइल सेवेसाठी रेडिओलहरींचा लिलाव झाला. त्यात दूरसंचार परिमंडळे २२ होती. त्यांचे संभाव्य गट ४१,९४,३०३ होतात. तेथे जोडबोलीस मुभा नव्हती, प्रत्येक परिमंडळाची बोली स्वतंत्र होती. १८३ फेऱ्या झाल्या, तरी कोणत्याही खाजगी कंपनीच्या पदरात सर्व परिमंडळे पडली नाहीत. नार्नूर ज्यात मोडते ते आंध्र प्रदेश परिमंडळ भारती कंपनीस मिळाले. सीमेपलीकडील चंद्रपूर ज्यात येते ते महाराष्ट्र परिमंडळ तिला मिळाले नाही. व्होडाफोनचे नेमके उलट झाले. पुढे ही उणीव कंपन्यांनी आपसांतील करारांनी भरून काढली व त्यावरून सरकारशी वाद उद्भवला.

जोडबोलीची कल्पना तेव्हा नवी नव्हती. विमानतळांवरील उड्डाण-अवतरणाच्या वेळा अशा रीतीने वाटाव्यात, असे रासेंटी, स्मिथ व बल्फिन यांनी १९८२ सालीच सुचविले होते. लंडनमध्येही बसमार्गांच्या निविदा गटाने भरता येतात.

मग लक्षावधी गटांतून विजेते निवडावे कसे? संगणक प्रत्येक शक्यता शेवटपर्यंत तपासत बसत नाही. वरील उदाहरणात १५ लाखांची वाटणी हाती आली असता, अ-ब स्वीकारल्यास उरलेल्या क पासून ३ लाखांहून अधिक येणे नाही, हे दिसताच ती फांदी तेथेच छाटली जाते. तरीही प्रत्येक प्रसंगी झटपट अचूक उत्तर देईल, अशी रीत आजवर सापडलेली नाही.

यास्तव निवडीचा नियम लिलावापूर्वीच जाहीर असावा लागतो. अधिक रक्कम बोलूनही जो हरला, त्याला आपण का हरलो हे स्वतः पडताळून पाहता आले, तरच त्या लिलावावर लोकांचा विश्वास बसेल.