फायरप्लेसला काचेचे दार : काच कोणती, माप कसे आणि दार बंद कधी करायचे?

कामठी म्हटले की आधी आठवतो तो उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या या गावात घरात फायरप्लेस आणि तिला काचेचे दार, हा विषय अनेकांना गमतीचा वाटेल. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी शेजारच्या नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांवर आले होते. विदर्भातला हिवाळा लहान असतो, पण डिसेंबर-जानेवारीतल्या त्या काही आठवड्यांत रात्री घर चांगलेच गारठते.

त्यातून कामठी हे छावणीचे गाव. कन्हान नदीच्या काठी १८२१ मध्ये इंग्रजांनी ही छावणी वसवली. अशा छावण्यांमधल्या बंगल्यांचा साचा बहुतेक ठरलेला असे : जाड भिंती, उंच छत, भोवती व्हरांडा आणि दिवाणखान्याच्या भिंतीत फायरप्लेस. आता नव्या बंगल्यांतही कुणी हौसेने ती बांधून घेतो. मग प्रश्न येतो तिला काचेचे दार लावण्याचा. हे दार दिसायला छान असते, पण चुकीची काच निवडली तर ती तडकते, आणि चुकीच्या वेळी बंद केले तर जिवावर बेतू शकते. म्हणून दुकानात जाण्याआधी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

काचेचे दार नेमके काय करते?

उघडी फायरप्लेस ऊब देण्याच्या बाबतीत फार कामसू नसते. लाकडातल्या उष्णतेपैकी फार तर दहा-पंधरा टक्के खोलीला मिळते, बाकीची धुराड्यातून वर जाते. शिवाय गरम हवा वर चढताना खोलीतली हवा सोबत ओढून नेते आणि तिची जागा भरायला दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची थंड हवा आत येते. म्हणून जाळासमोर बसलेल्याला ऊब लागते आणि मागच्या खोलीत गारठा वाढतो.

काचेचे दार या हवेच्या ओढीला आवर घालते. ठिणग्या आणि निखारे बाहेर उडू देत नाही. विस्तव विझल्यावर रात्रभर खोलीतली ऊब धुराड्यातून निसटण्याचे प्रमाणही कमी करते.

कामठीत मात्र या दाराचे मोठे काम हिवाळ्याबाहेरचे आहे. वर्षातले दहा-अकरा महिने फायरप्लेस पेटतच नाही. तेव्हा ती म्हणजे छतापर्यंत गेलेले एक भोक असते. उन्हाळ्यात एसी लावलेल्या खोलीतली थंड हवा जड असते, ती खालच्या फटींतून बाहेर जाते आणि धुराड्यातून गरम हवा व काजळीचा वास खाली उतरतो. पावसाळ्यात ओल येते. साळुंक्या, कबुतरे धुराड्यात घरटी करतात, त्यांचा कचरा खाली पडतो. नीट बसणारे दार यातले बरेचसे दिवाणखान्याबाहेर ठेवते. म्हणजे इथे दार निवडताना ते पेटत्या विस्तवासमोर कसे दिसेल याबरोबरच बंद असताना किती घट्ट बसते आणि पावसाळ्यात किती टिकते, हेही पाहायला हवे.

काच कोणती घ्यावी?

खिडकीची साधी काच इथे अजिबात चालत नाही. एका भागाला जास्त आणि दुसऱ्याला कमी उष्णता लागली की ती तडकते आणि तिचे धारदार तुकडे होतात. उरतात तीन पर्याय.

पहिला टफन्ड काचेचा. साधी काच सहाशे अंशांच्या पुढे तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केली की ती कणखर होते आणि फुटलीच तर तिचे बारीक, बोथट तुकडे होतात. दुकानांची दर्शनी दारे याच काचेची असतात. पण ती सतत सोसू शकते फक्त साधारण २५० अंश सेल्सिअस. लाकडाची ज्वाळा सहाशे अंशांच्या पुढे सहज जाते. त्यामुळे जाळ भरात असताना टफन्ड काचेचे दार उघडेच ठेवायचे असते, आणि ठिणग्यांसाठी त्यामागे लोखंडी जाळीचा पडदा लावायचा असतो. दार बंद करायचे ते जाळ बसल्यावर.

दुसरा बोरोसिलिकेट काचेचा. स्वयंपाकघरात ‘बोरोसिल’ म्हणून ओळखली जाणारी भांडी याच जातीच्या काचेमुळे प्रसिद्ध झाली. ही काच तापल्यावर साध्या काचेच्या जवळपास एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून अचानक थंड-गरम झाले तरी सहसा तडकत नाही. साधारण ४५० अंशांपर्यंत ती काम देते.

तिसरा सिरॅमिक काचेचा. हिचा शोध अपघाताने लागला. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी या शास्त्रज्ञाने काचेचा तुकडा ६०० अंशांना तापवायला ठेवला होता. भट्टी बिघडली आणि ९०० अंशांपर्यंत गेली. आत वितळलेला गोळा सापडेल असे वाटत असताना पांढरा, अखंड तुकडा निघाला, आणि हातातून जमिनीवर पडूनही तो फुटला नाही. याच वाटेने पुढे पारदर्शक सिरॅमिक काच आली. तापली तरी ती जवळजवळ प्रसरणच पावत नाही आणि साधारण ७०० अंश सतत सोसते. जाळ पेटता असताना दार बंद ठेवून बसायचे असेल तर हीच काच हवी. जाळाची थेट ऊबही टफन्ड काचेपेक्षा तिच्यातून जास्त बाहेर येते. किंमत मात्र टफन्ड काचेच्या कित्येक पट असते.

वर्षातून पंधरा-वीस रात्रीच फायरप्लेस पेटणार असेल आणि जाळ असताना दार उघडे ठेवण्याची शिस्त घरात पाळली जाणार असेल, तर टफन्ड काच पुरते. ती शिस्त पाळली जाईल याची खात्री नसेल, तर सिरॅमिक काचेवर खर्च केलेला बरा.

कोळसा जाळला तर?

कामठी परिसरात हा प्रश्न आपोआप येतो. भूगर्भशास्त्रात खडकांच्या एका थराला कामठीचेच नाव आहे आणि त्याच पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत. पण लाकडासाठी बांधलेल्या फायरप्लेसमध्ये दगडी कोळसा जाळू नये. तो लाकडापेक्षा जास्त आणि सलग तापतो, त्याला खालून हवा देणारी वेगळी जाळी लागते आणि त्यातल्या गंधकाने चौकटीचे लोखंड लवकर खराब होते. टफन्ड काचेला तर ही उष्णता मुळीच झेपत नाही. बाभळीसारखे वाळलेले, कठीण लाकूड चांगले. ओले लाकूड धूर करते आणि काच काळी करते.

दार बंद करण्यात धोका कोणता?

थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांचा गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या वाचनात येतात. कारण असते कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते. आणि झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही.

काचेच्या दारामुळे हा धोका संपला असे समजणे ही सगळ्यात मोठी चूक. धूर अडवतो तो धुराड्यातला ओघ. काचेचे दार फक्त त्याला मदत करते. हवाबंद नसलेल्या साध्या दाराच्या कडांतून वायू बाहेर येऊ शकतो. धुराड्यात हवा बंद-चालू करणारी लोखंडी झडप असते. रात्री ज्वाळा विझल्या, नुसते निखारे उरले, की ऊब राखण्यासाठी काच आणि झडप दोन्ही लावून झोपायला जाण्याचा मोह होतो. पण निखाऱ्यांना हवा कमी मिळाली की हाच वायू जास्त तयार होतो आणि झडप बंद असेल तर त्याला खोलीत येण्यावाचून वाट राहत नाही.

नियम साधा आहे : रात्री काच लावावी, झडप उघडी ठेवावी. झडप बंद करायची ती दुसऱ्या दिवशी, राख हाताला पूर्ण गार लागल्यावर. खोलीची एखादी खिडकी बोटभर उघडी असावी आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र झोपण्याच्या खोलीजवळ लावावे. ज्या घरात धुराडेच नाही, तिथे काचेचे दार लावून लाकूड किंवा कोळसा पेटवण्याचा विचारही करू नये.

धुराडे ओढते का, हे कसे पाहायचे?

दाराची ऑर्डर देण्याआधी ही परीक्षा घ्यावी. आधी धुराडे साफ करून घ्यावे. बरीच वर्षे बंद असेल तर आत घरटी, मधमाश्यांचे पोळे किंवा पडलेल्या विटा असू शकतात. मग झडप उघडून, फायरप्लेसच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरावी. धूर आत आणि वर गेला तर ओढ आहे. तो खोलीत परतला तर आधी धुराड्याची दुरुस्ती, मग दार.

हीच परीक्षा स्वयंपाकघरातली विजेची चिमणी चालू करून पुन्हा घ्यावी. ही चिमणी तासाला हजार घनमीटरच्या वर हवा बाहेर फेकू शकते. खिडक्या बंद असतील तर ती हवा फायरप्लेसच्या धुराड्यातून खाली खेचली जाते आणि सोबत धूरही येतो. फायरप्लेस पेटलेली असताना ती बंद ठेवणेच बरे.

माप कसे घ्यावे?

जुन्या बांधकामातले तोंड क्वचितच काटकोनात असते. म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी, आणि उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी मोजावी. दोन्ही कर्णही मोजावेत. त्यांत फरक आला तर तोंड तिरके आहे.

चौकट तोंडाच्या आत बसवायची असेल तर सगळ्यांत लहान माप धरून त्यातून थोडी जागा सोडावी, कारण तापल्यावर लोखंड फुगते. चौकट भिंतीवर बाहेरून बसवायची असेल तर सगळ्यांत मोठे माप धरून चारही बाजूंना इंच-दीड इंच जास्त घ्यावे. खडबडीत विटा किंवा दगड असतील तर बाहेरची चौकट सोयीची, कारण वेड्यावाकड्या कडा झाकल्या जातात. तोंडाला कमान असेल तर पुठ्ठ्याचा साचा कापून कारागिराला द्यावा.

इथे एक गोष्ट विसरू नये. टफन्ड काच एकदा तयार झाली की ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. माप चुकले तर काच वाया जाते.

चौकट, कड्या आणि फटी

खिडक्या बनवणाऱ्या कारागिराला काम दिले तर तो सवयीने ॲल्युमिनियमची पातळ पट्टी, रबर आणि सिलिकॉन वापरेल. जाळासमोर रबर जळते आणि साधे सिलिकॉन दोनशे अंशांच्या आसपास निकामी होते. चौकट जाड पोलादाची असावी आणि तिला उष्णता सोसणारा रंग असावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज चढतो. काचेभोवती काचतंतूंची किंवा सिरॅमिक तंतूंची दोरी लावावी. ॲस्बेस्टॉसची दोरी फुप्फुसांना घातक आहे, ती स्वस्त मिळाली तरी नको. काच चौकटीत करकचून आवळू नये, तिला फुगायला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक हवी.

खालच्या बाजूला उघड-बंद होणारी हवेची फट असावी. कडी लाकडी किंवा गुंडाळी तारेची असली की हात भाजत नाही. घडीची दारे कमी जागेत उघडतात, दोन पाखांची दारे मजबूत असतात आणि जास्त घट्ट बसतात. घरात लहान मूल असेल तर समोर वेगळे कठडे लावावेच, कारण बंद दाराची काच बाहेरूनही हात पोळेल इतकी तापते.

छावणी हद्दीतल्या जुन्या बंगल्यात भिंत फोडायची किंवा धुराडे बदलायचे असेल, तर आधी कटक मंडळात चौकशी करावी. नुसती बाहेरून बसवलेली चौकट भिंतीला कमीत कमी धक्का लावते, हा तिचा आणखी एक फायदा.

पैसे देण्यापूर्वी काय पाहावे?

टफन्ड काच असेल तर कोपऱ्यात कायमचा उमटवलेला शिक्का पाहावा. भारतात सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ हे मानक आहे. सिरॅमिक काच म्हणून विकली जात असेल तर ती किती अंश सोसते हे बिलावर लिहून घ्यावे, कारण दोन्ही काचा नुसत्या नजरेने ओळखता येत नाहीत. फायरप्लेस कारखान्यात बनलेली, पत्र्याची असेल तर त्याच कंपनीने मान्य केलेलेच दार लावावे. दुसऱ्या दाराने तिचे आतले हवेचे मार्ग बुजू शकतात. आणि धुराड्याच्या टोकाला पाऊस व पक्षी अडवणारी जाळीची टोपी आहे ना, हेही याच वेळी पाहावे.

पुढची देखभाल सोपी आहे. काच पूर्ण गार झाल्यावर ओल्या कागदावर बारीक चाळलेली राख घेऊन पुसली की काजळी निघते. गरम काचेवर पाणी कधीच मारू नये. होळीनंतर फायरप्लेस साफ करून राख काढावी, झडप आणि दार बंद करावे. पुढच्या डिसेंबरपर्यंत त्या दाराला आत येणारी झळ, पाऊस आणि पाखरे थोपवायची आहेत.