आधी छेदाची टेहळणी

आमच्या कोलकात्यात अलीपूरला टांकसाळ आहे, त्यावरून एक जुना हिशेब सांगतो. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, म्हणजेच १९२ पै होत.

आणा म्हणजे १/१६ रुपया. १६ चा मूळ अवयव फक्त २, म्हणून ०.०६२५ वर भागाकार संपतो. पै म्हणजे १/१९२. इथे अवयवांत ३ घुसलाय, म्हणून ०.००५२०८३३३… संपतच नाही! मात्र ३ पै म्हणजे ३/१९२, अर्थात १/६४. तीन कटला, भागाकार पुन्हा संपला.

म्हणून आधी अतिसंक्षिप्त रूप द्या, मग छेदाचे मूळ अवयव पाहा. २ आणि ५ खेरीज कुणी नसेल तर दशांशरूप खंडित, नाहीतर अखंड आवर्ती. कारण १० चे मूळ अवयव तेवढे दोनच.